गाडी किती देते?

नवी गाडी दारात उभी राहिली, नारळ फुटला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं, की पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी विचारतात, "देते किती?" म्हैस विकत घेतली तरी हाच प्रश्न याच क्रियापदात विचारतात. फरक एवढाच, की म्हशीबद्दल विचारणाऱ्याला ठाऊक असतं, दूध नुसत्या म्हशीवर ठरत नाही. वैरण, पेंड, पाणी आणि धार काढणाऱ्याचा हात, सगळं त्यात येतं. गाडीला मात्र आपण एक आकडा चिकटवून मोकळे होतो. अमकी वीस देते, तमकी अठरा. जणू चेसिस नंबराबरोबर तोही कारखान्यातच कोरलाय. आणि तेवढं मिळालं नाही की कंपनीने फसवलं.

ॲव्हरेज गाडी देत नाही, पाय देतो, हे पटायला मला बारा वर्षं आणि एक वही लागली. गाडीच्या वजनाला, इंजिनाला, टायरला त्यात वाटा आहेच, पण गाडी एकदा दारात आली की तो वाटा ठरून गेला. उरतो पाय. 'हळू चालवा, इंधन वाचवा' हे तर पेट्रोल पंपावरच्या पाटीलाही माहीत आहे. मग कोणी ऐकत का नाही? मला वाटतं, त्या पाटीवर हिशेबाची एकच बाजू लिहिलेली असते. पेट्रोल वाचतं, पण वेळ जातो, आणि किती पेट्रोलाला किती वेळ हे कोणी मांडूनच दाखवत नाही.

आधी त्या कंपनीच्या आकड्याचं बघू. पुण्यात वेताळ टेकडीच्या एका बाजूला एआरएआय ही वाहन-संशोधनाची संस्था आहे, 1966 सालची. सकाळी फिरायला जाणारे त्या भागाला एआरएआय टेकडीच म्हणतात. जाहिरातीतल्या ॲव्हरेजच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत हे नाव तुम्ही वाचलं असेल. ज्या चाचणीतून हा आकडा निघतो, तिच्यात गाडी रस्त्यावर उतरतच नाही. चाकं रोलरवर, समोर पंखा, आणि ठरलेल्या तक्त्याबरहुकूम वेग वर-खाली. सगळं मिळून वीसेक मिनिटं. त्या तक्त्यात सगळ्यात मोठा वेग ताशी 90 किलोमीटर, तोही काही क्षणांपुरता, आणि एसी बंद. चाचणी खोटी नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायचं तर असंच काहीतरी करावं लागतं. पण पाच माणसं, भरलेली डिकी, एसी दोनवर आणि काटा 120 वर ठेवून तोच आकडा मागायचा, म्हणजे मैदानावर शंभर मीटर पळालेल्या पोराकडून त्याच दमात सिंहगड मागण्यासारखं आहे.

हायवेवर पेट्रोल खाते ती मुख्यतः हवा. आपल्याला हवा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 80 च्या वेगाला खिडकीतून हात बाहेर काढून बघा (म्हणजे काढू नका, पण लहानपणी काढलेला आठवा). वेग वाढला की हा विरोध त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 100 वर गेलात तर वेग सव्वापट, पण हवेचा विरोध दीडपटीच्याही थोडा वर. 80 वरून 120 वर गेलात तर वेग दीडपट आणि विरोध सव्वादोनपट. टायर रस्त्यावर घासण्याचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, म्हणून पेट्रोलचा खर्च काही सव्वादोनपट होत नाही. पण कोणत्या दिशेने जातो ते कळतं.

आता वही. हायवेला लागण्याआधी टाकी फुल, उतरल्यावर त्याच पंपाच्या त्याच नोझलने पहिल्या 'कट'पर्यंत पुन्हा फुल, आणि मधे शक्यतो एकच वेग. गाडी साधी, छोटं पेट्रोल इंजिन. अशा बऱ्याच फेऱ्यांनंतर माझ्या गाडीचे आकडे ठरल्यासारखे येऊ लागले : 120 ला लिटरमागे 14 किलोमीटर, 100 ला साडेसतरा, 80 ला 21, आणि 60 ला जेमतेम 23. तुमच्या गाडीचे वेगळे येतील, पण उताराचा बाक असाच असेल.

हे आकडे समृद्धी महामार्गावर ठेवून बघू. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर. कुठेही न थांबता सलग चालवली असं धरू आणि पेट्रोल, हिशेबाला सोपं म्हणून, शंभर रुपये लिटर. 120 ने गेलात तर पाच तास पन्नास मिनिटं आणि 50 लिटर. 100 ने गेलात तर सात तास आणि 40 लिटर. म्हणजे सत्तर मिनिटं जास्त बसलात आणि हजार रुपये वाचवले. तासाचा दर पडला साडेआठशे रुपये. 100 वरून 80 वर आलात तर आणखी पावणेदोन तास जातात आणि साधारण पावणेसात लिटर वाचतं : तासाला पावणेचारशेच्या आसपास. आणि 80 वरून 60 वर उतरलात तर? जवळजवळ तीन तास जास्त, आणि वाचतात तीनशेही नाहीत. तासाला शंभर रुपये.

हळू चालवणं ही एक नोकरी आहे असं समजा. पहिल्या तासाला ती साडेआठशे देते, पुढच्या तासांना पावणेचारशे, आणि मग शंभर. पहिला तास कोणी सोडू नये. वाचलेला रुपया आयकराच्या वाटेला जात नाही, म्हणजे हातात साडेआठशे पडायचे तर कमवावे त्याहून जास्त लागतात. पावणेचारशेचा तास ज्याचा त्याने ठरवावा. शंभराच्या तासासाठी मी हायवेवर 60 ने रखडणार नाही, आणि मागे लागलेल्या ट्रकवाल्यांच्या वतीनेही नाही. म्हणजे मी मंदपणाची भलामण करत नाहीये. मी फक्त एवढंच म्हणतो, की वरचे वीस किलोमीटर फार महाग आहेत, आणि तेच आपण सगळ्यात बेफिकिरीने उधळतो.

मग हा साधा त्रैराशिकाचा हिशेब लोक का करत नाहीत? एक तर पैसे जातात पंपावर आणि मिनिटं जातात रस्त्यावर. दोन्ही एका जागी, एका वेळी जात असते तर फरक पडला असता. स्टेअरिंगजवळ रिक्षासारखा मीटर बसवून 120 ला त्याचे आकडे धडाधड पळताना दिसले असते, तर कित्येकांचा पाय आपोआप वर आला असता. दुसरं, वेग ठरवणारा आणि पैसे देणारा पुष्कळदा वेगळा असतो. टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरला पेट्रोल मालकाचं असतं आणि घाई मागे बसलेल्याची. कंपनीच्या गाडीत बसलेल्या साहेबाला तर दोन्ही फुकट. अशा माणसाला बचतीचं व्याख्यान देऊन काय उपयोग?

आणि तिसरं कारण सरकारी आहे. रस्ते आपल्याला तासांत विकले जातात. समृद्धीचा गाजावाजा सुरुवातीपासून एकाच वाक्यात झाला : सोळा तासांचा प्रवास आठ तासांत. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा. रस्त्याची आखणी ताशी 150 च्या हिशेबाने, सपाटीवर परवानगी 120 ची. आठ तास वाचले ही गोष्ट खरी आहे, विदर्भातल्या माणसाला ती फार मोलाची आहे, आणि तिची टिंगल मी करणार नाही. पण त्यातले बहुतेक तास रस्ता सरळ, अखंड आणि सिग्नलविना आहे म्हणून वाचलेत. 100 ने गेलं तरी सात तासच लागतात. 120 मुळे जास्तीचं मिळतं ते सत्तर मिनिटांचं. तेवढ्यासाठी दहा लिटर जळतं, ही गोष्ट कोणत्याही कोनशिलेवर येत नाही. देश आपल्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो हे प्रत्येक अर्थसंकल्पाच्या चर्चेत येतं, पण ते वाक्य आणि वेगमर्यादेची पाटी यांची गाठ कधी पडत नाही.

टोलनाक्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सुसाट गेलेली गाडी पुढच्या टोलला आपल्याच पुढे उभी दिसते आणि आपण मनातल्या मनात हसतो. ही गोष्ट सांगणारे लोक, ती गाडी दिसत नाही, तेव्हाचं सांगत नाहीत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर घाट सोडला तर 80 आणि 100 मध्ये बारा मिनिटांचा फरक पडतो आणि तो खरा असतो. हळू चालवणाऱ्याने 'पोचतात सगळे सारखेच' असं स्वतःला फसवू नये. तो उशिरा पोचतो, पण विकत घेतलेल्या उशिराने.

शहरात मात्र सगळा मामला उलटा आहे, आणि 'हळू' या शब्दाने तिथे भलताच घोटाळा होतो. कर्वे रोडवर किंवा घोडबंदरला कोणाचा पाय 100 वर जातो? तिथे हवेचा विरोध नगण्य. तिथे पेट्रोल जातं उभं राहण्यात आणि थांबण्यात. छोट्या इंजिनाला नुसतं घुरघुरत उभं राहायला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतं, एसी लावला तर जास्त. आणि 60 च्या वेगातली गाडी ब्रेक दाबून थांबवली, तर तो वेग मिळवायला जाळलेलं पंधरा-वीस मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, ब्रेकच्या चकत्या तापवून हवेत जातं. 100 वरून करकचून थांबलात तर जवळपास अर्धा कटिंग. म्हणून गावात मोजायचा असतो तो ब्रेक, काट्यावरचा वेग नव्हे.

हे मला कोण्या पुस्तकाने शिकवलं नाही. आमच्या सोसायटीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका आहेत. दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर धावली, याचा हिशेब त्यांच्या वेळी डेपोत प्रत्येक ड्रायव्हरच्या नावावर मांडला जायचा, आणि काकांचा आकडा वरच्या चार-पाचांत असायचा. एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. चालवत मी होतो. सिग्नल दीडशे मीटरवर लाल झाला आणि मी गाडी तशीच रेटत नेली, शेवटी ब्रेक. काका काही बोलले नाहीत, नुसता त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर हलला. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तेच. तेव्हा म्हणाले, "अहो, समोर लाल दिसतंय ना? मग आता पाय कशाला देताय? तिथं कोण वाट बघतंय तुमची?"

येताना मी त्यांना चालवायला दिली. पंचाहत्तरीचा माणूस, पण गाडीत बसल्याबरोबर पाठ ताठ. नजर समोरच्या गाडीवर नव्हती, तिच्याही पुढच्या तिसऱ्या गाडीवर होती. रिक्षा वळणार हे त्यांना रिक्षावाल्याआधी कळायचं. लांबूनच पाय उचलायचे, गाडी गिअरमध्येच ओसरत जायची, आणि सिग्नलपाशी पोचेपर्यंत पुष्कळदा तो हिरवा होऊन आम्ही दुसऱ्या गिअरवर न थांबता निघून जायचो. सगळ्या वाटेत ब्रेक पाच-सहा वेळाच लागला असेल. आणि घरी माझ्यापेक्षा उशीर झाला का? दोन मिनिटांचाही नाही. ते 'हळू' चालवत नव्हतेच. मिळालेला वेग ते वाया घालवत नव्हते.

गिअरमध्येच, हे मुद्दाम लिहिलं. इंधन वाचवायचं म्हटलं की उतारावर न्यूट्रल करणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, आणि त्यांच्यामुळे या सगळ्या विचाराची बदनामी झाली आहे. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो लांबच लांब उतार. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने तिथे एकामागून एक गाड्या उडवल्या, 48 वाहनांचं नुकसान झालं. आधी बोललं गेलं ते नेहमीचं, ब्रेक फेल. नंतर तपासात पोलिसांनी सांगितलं ते वेगळं होतं : उतारावर इंजिनच बंद करून गाडी सोडलेली होती. डिझेल वाचवायला! इंजिन बंद झालं की ट्रकच्या ब्रेकला लागणारी दाबाची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. चार-सहा वेळा ब्रेक दाबले की टाकीतली हवा संपली, मग पाय आपटत बसा. बोरघाटातही हेच भूत आहे.

आणि गंमत अशी, की हा जुगार खेळून आजकालच्या गाडीत मिळत काहीच नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडंफार मिळत असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअर तसाच ठेवून पाय काढलात, की चाकंच इंजिनाला फिरवत राहतात आणि पेट्रोलचा पुरवठा पूर्ण तुटतो. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पुन्हा पेट्रोल घ्यावं लागतं. म्हणजे जीव मुठीत धरून वर खर्च. ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने जाणाऱ्यांचंही तसंच. हवा कमी लागते हे खरं, पण पुढे काय चाललंय ते दिसत नाही, आणि ज्याला पुढचं दिसत नाही त्याला काकांसारखा पाय आधी उचलता येत नाही.

आता एकट्याने हळू चालवण्याची अडचण. 100 च्या प्रवाहात तुम्ही 80 ने निघालात की मागून डिपर सुरू होतात. उजव्या लेनमध्ये 80 ने रमतगमत चालून 'मी इंधन वाचवतोय' असा चेहरा करणारे सज्जन मला सुसाट जाणाऱ्यांइतकेच नकोसे वाटतात. मागची चार वाहनं त्यांच्यासाठी ब्रेक मारतात, डावीकडून घुसतात, पुन्हा वेग घेतात. यांनी वाचवलेलं त्यांनी जाळलं. डावी लेन घ्या आणि खुशाल जा. पण तिथे ट्रक 50-60 वर असतो, म्हणजे परत मधे यावंच लागतं. एकट्याच्या पायावर सोडून हे सुटत नाही. सगळ्यांचा पाय एकाच वेळी उचलला जायला हवा, आणि ते काम कायद्याचं.

असं झालेलं आहे. 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. 2 जानेवारी 1974 ला निक्सनने सही केली आणि साऱ्या देशात ताशी 55 मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबात 88-89 किलोमीटरची कमाल मर्यादा आली. पश्चिमेकडच्या ओसाड राज्यांत, जिथे दोन गावांमध्ये शंभर-शंभर मैल नुसती जमीन, तिथे लोकांनी ती कधी मनापासून मानली नाही. 1987 मध्ये ती सैल झाली आणि 1995 मध्ये गेली. पेट्रोलची बचत अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली, मुख्य म्हणजे लोकांनी मर्यादा पाळली नाही म्हणून. पण 1974 मध्ये रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षापेक्षा जवळपास 9000 ने कमी झाले. तेलटंचाईत लोक फिरलेही कमी, त्यामुळे सगळं श्रेय मर्यादेला देता येणार नाही, तरी पेट्रोलसाठी काढलेला कायदा माणसं वाचवून गेला, हे उरतंच. जर्मनीने त्याच सुमारास ऑटोबानवर 100 ची मर्यादा घातली, नोव्हेंबर 1973 ते मार्च 1974, चार महिनेही टिकली नाही. 'मुक्त नागरिकांना मुक्त रस्ता' अशा अर्थाची घोषणा तिथल्या वाहनधारकांच्या संघटनेने दिली आणि ऑटोबान आजही बराचसा बिनमर्यादेचा आहे. स्पेनने 2011 मध्ये लिबियातल्या उलथापालथीने तेल भडकल्यावर 120 चे 110 केले, पण मार्च ते जून एवढेच. टिकलं ते नेदरलँड्समध्ये. 2020 पासून तिथे, मोजके पट्टे सोडले तर, दिवसा 100 च्या वर जाता येत नाही, आणि कारण पेट्रोल नव्हतंच, धुरातून हवेत जाणारी नायट्रोजनची संयुगं होती.

यातून मला दिसतं ते असं, की नुसत्या पेट्रोलच्या नावाने मागितलेला वेग लोक देत नाहीत. टंचाई संपली की परत मागून घेतात. म्हणून आपल्याकडे घाटातल्या पाट्या भीती घालतात. 'अति घाई संकटात नेई.' यमक चांगलं आहे, पण संकट दुसऱ्याचं असतं असं प्रत्येकाला वाटतं. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे बसल्यापासून दंडाची भीती आली आणि ती जास्त चालते. पण दंडाच्या भीतीने कॅमेऱ्यापुरता पाय उचलला जातो, पुढे सुसाट. म्हणजे पुन्हा ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा तेच चमचे.

एक बदल आपल्या डोळ्यांदेखत होतो आहे, तोही कोणी सांगितल्याशिवाय. विजेच्या गाडीवाले समृद्धीवर बघा. निघताना शंभरावर असतात, तासाभरात बहुतेक जण 85-90 वर स्थिर होतात. समोरच्या पडद्यावर 'अजून इतके किलोमीटर' हा आकडा असतो आणि वेग वाढवला की तो डोळ्यांसमोर ढासळतो. पुढचं चार्जिंग कुठे, तिथली मशीन चालू असेल का, हा घोर वेगळाच. रिक्षाचा जो मीटर मी मघाशी स्टेअरिंगजवळ मागत होतो, तो यांना आयता मिळालाय. हीच माणसं पाच वर्षांपूर्वी पेट्रोलच्या गाडीत 120 च्या खाली यायला तयार नव्हती. स्वभाव तोच आहे, फक्त हिशेब नजरेसमोर आला.

माझी वही अजून चालू आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, वेग, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना : 'पाऊस', 'टायरमध्ये हवा कमी', 'कॅरिअरवर सामान' असं काहीबाही. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी संभाजीनगरला गेलो त्या दिवशीची नोंद लिटरला 13.8 ची आहे. बारा वर्षांतली सगळ्यात वाईट. शेऱ्यात मी 'उलटा वारा' असं लिहून ठेवलं होतं. परवा वही उघडली तर त्यावर रेघ मारलेली, आणि खाली बायकोच्या अक्षरात : 'वारा नव्हता. तुम्हाला इस्त्रीचा सदरा सापडत नव्हता. चाळीस मिनिटं.'